नामानाच्या घरातली मुलगी: एका वाक्याचा प्रकरण अभ्यास

शास्त्रपाठाच्या बैठकीत बायबलमधल्या २ राजे या पुस्तकाचा अध्याय ५ वाचून झाला होता. चर्चा नेहमीच्या वाटेने चालली होती: कोड झालेला अरामी सेनापती नामान याचा अभिमान, यार्देन नदीतल्या त्याच्या सात बुड्या, अलीशा संदेष्ट्याचा सेवक गेहजी याचा लोभ. आमच्या मंडळीची इमारत झाडून-पुसून ठेवणाऱ्या ताई मागच्या रांगेत बसतात आणि सहसा बोलत नाहीत. त्या दिवशी त्यांनी विचारलं, "त्या मुलीला नंतर कोणी सांगितलं का? मालक बरा झाला म्हणून?"

मला उत्तर देता आलं नाही. हा अध्याय मी कितीतरी वेळा शिकवला आहे, त्यावर संदेशही दिले आहेत, पण हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. दुसऱ्याच्या घरात काम केलेल्या माणसालाच तो पडू शकतो. आपण काहीतरी सुचवतो, त्यावरून वरची माणसं धावपळ करतात, काम होतं, आणि आपल्यापर्यंत निरोप परत येत नाही. ताईंच्या त्या प्रश्नामुळे मी हा अध्याय पुन्हा उघडला, आणि या वेळी नामानाच्या रथातून न बघता त्या मुलीच्या जागेवरून बघायचं ठरवलं.

परिस्थिती

काळ ख्रिस्तपूर्व नववं शतक. उत्तरेला इस्राएलचं राज्य, त्याची राजधानी शोमरोन. ईशान्येला अराम, त्याची राजधानी दिमिष्क, म्हणजे आजचं दमास्कस. दोन्ही राज्यांत कधी तह, कधी युद्ध. आणि तह असला तरी सीमेवर टोळ्यांच्या धाडी चालूच. अशाच एका धाडीत इस्राएल देशातून एक लहान मुलगी पळवून नेली गेली आणि नामान नावाच्या अरामी सेनापतीच्या बायकोच्या सेवेला लागली.

तिच्याबद्दल शास्त्र एवढंच सांगतं. नाव नाही, गाव नाही, आईबापांचं काय झालं तेही नाही.

पहिल्या दोन वचनांची मांडणी बघण्यासारखी आहे. पहिल्या वचनात नामानाची ओळख एकावर एक रचत नेली आहे: अरामी राजाच्या सैन्याचा सेनापती, आपल्या धन्यापुढे मोठा माणूस, मानाचा, ज्याच्या हातून परमेश्वराने अरामाला विजय दिला असा, पराक्रमी वीर. आणि वचनाच्या अगदी शेवटी, मूळ हिब्रूत एकच शब्द येतो: कोडी, म्हणजे कोड झालेला. सगळी बिरुदं त्या शब्दावर येऊन थांबतात. लगेच दुसऱ्या वचनात ती मुलगी येते. तो "मोठा माणूस", ही "लहान मुलगी". हिब्रूत तो आपल्या धन्याच्या "समोर" मोठा आहे आणि ती आपल्या मालकिणीच्या "समोर" आहे, म्हणजे तिच्या सेवेला आहे. दोन्हीकडे शब्द तोच. हा "समोर" शब्द अध्यायभर पुन्हा पुन्हा येत राहतो, कोण कोणासमोर उभा आहे हे दाखवत.

कोडाबद्दल एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो, कारण शास्त्रपाठात दर वेळी कोणीतरी विचारतंच. इथला हिब्रू शब्द त्वचेच्या अनेक विकारांना लागू होतो. लेवीय १३ आणि १४ या अध्यायांत तोच शब्द कपड्यांवरच्या आणि घराच्या भिंतींवरच्या डागांसाठीही वापरला आहे. ज्याला आज आपण कुष्ठरोग म्हणतो, त्याचा जंतू हान्सेन यांनी १८७३ मध्ये शोधला. नामानाला नेमका तोच आजार होता असं धरून चालता येत नाही.

तिने काय म्हटलं

तिसरं वचन. मालकिणीला ती म्हणते: माझे धनी शोमरोनातल्या संदेष्ट्यासमोर (म्हणजे अलीशासमोर) असते तर किती बरं झालं असतं, त्याने त्यांचं कोड दूर केलं असतं.

हिब्रूत हे जेमतेम दहा शब्द आहेत. त्यानंतर ती पुन्हा काही बोलत नाही, दिसतही नाही. सत्तावीस वचनांच्या अध्यायात तिच्या वाट्याला दोन वचनं येतात.

पण त्या दहा शब्दांत काय काय आहे? एक तर ठिकाण आहे, शोमरोन. माणूस आहे, संदेष्टा. काय होईल त्याची खात्री आहे. आणि "किती बरं झालं असतं" म्हणणारी ओढही आहे. ज्याच्या सैन्याच्या छायेत तिचं घर मोडलं, त्याचं दुखणं जावं असं तिला वाटतं. हे मला सहज गिळता येत नाही. तिचं मन कडवट झालं असतं तर कोणी तिला दोष दिला नसता. शास्त्र तिच्या भावनांवर एक शब्दही खर्च करत नाही, म्हणून मीही तिच्या तोंडी काही घालणार नाही. तिने काय केलं तेवढं समोर आहे. ती गप्प बसू शकली असती आणि ते कोणाला कळलंही नसतं.

आता एक बारीक गोष्ट, जी मला लूककृत शुभवर्तमान वाचताना सापडली. नासरेथच्या सभास्थानात येशू म्हणतो की अलीशा संदेष्ट्याच्या काळी इस्राएलात पुष्कळ कोडी होते, पण अरामी नामानाशिवाय त्यांच्यातला कोणीही शुद्ध झाला नाही (लूक ४:२७). म्हणजे अलीशाने कोडी बरा केल्याचं एकही उदाहरण त्या मुलीसमोर नव्हतं. तिने असं काही बघितलेलं नव्हतं, ऐकलेलंही नसणार, कारण ते अजून घडलंच नव्हतं. तिने अलीशाच्या देवाबद्दल जे थोडं ऐकलं होतं, त्यावरून तिने पुढचं अनुमान केलं: हा देव असा असेल तर हेही करेल. शोमरोनात राहणारे, अलीशाला रोज रस्त्यात बघणारे लोक त्या अनुमानापर्यंत पोचले नव्हते. परमुलखात दासी झालेली एक पोर पोचली. विश्वास म्हणजे काय हे समजावून सांगायला मला याहून चांगलं उदाहरण मिळालेलं नाही.

वाक्याचा प्रवास

हा या प्रकरणाचा गाभा आहे, आणि मी आधी तो पुरता चुकवला होता.

मुलगी मालकिणीला सांगते. तिथून निरोप नामानाकडे जातो. नामान राजाकडे जातो आणि "इस्राएल देशातली मुलगी असं असं म्हणाली" असं सांगतो. इथपर्यंत निरोप शाबूत आहे. मग तो राजदरबारात शिरतो आणि सरकारी होतो. अरामाचा राजा म्हणतो, जा, मी इस्राएलच्या राजाला पत्र देतो. पत्रातला मजकूर सहाव्या वचनात आहे: माझा सेवक नामान याला तुझ्याकडे पाठवतो आहे, तू त्याचं कोड बरं कर.

मुलीने "संदेष्टा" म्हटलं होतं. पत्रात संदेष्टा नाही. राजाला वाटलं, अशी शक्ती असेल तर ती दुसऱ्या राजाच्याच हाताखाली असणार. पत्र राजाकडून राजाला, आणि सोबत नजराणा: दहा किक्कार रुपं (चांदी), सहा हजार शेकेल सोनं, दहा पोशाख. आजच्या मापात मोजलं तर सुमारे ३४० किलो चांदी आणि सत्तर किलोच्या आसपास सोनं. या आकड्याचा अंदाज यावा म्हणून १ राजे १६:२४ बघा. तिथे अम्री राजाने ज्या टेकडीवर शोमरोन वसवलं, ती अख्खी टेकडी दोन किक्कार रुप्याला विकत घेतली. नामान तिच्या पाचपट चांदी घेऊन निघाला होता, सोनं वेगळंच. मुलीच्या वाक्यात किंमत कुठेच नव्हती. ती वरच्या लोकांनी घातली.

मग पत्र पोचतं. इस्राएलचा राजा ते वाचतो आणि वस्त्रं फाडतो. मी काय देव आहे, मारायला आणि जगवायला? हा भांडणाचं निमित्त शोधतोय. अध्यायात त्याचं नाव नाही, पण आधीच्या अध्यायांचा क्रम बघता तो यहोराम असावा. त्याच्याच राजधानीत संदेष्टा राहतो आहे. पण राजाच्या डोक्यात ते नाव येतच नाही. दूर अरामात, सरळ रेषेत सुमारे १७० किलोमीटरवर, कोणाच्या तरी घरात राबणाऱ्या मुलीला जे माहीत होतं, ते राजवाड्यात कोणाला सुचलं नाही.

निरोप वर चढताना बिघडत गेला. जितका मोठ्या माणसाच्या हातात गेला, तितका त्यातला मुख्य शब्द पुसला गेला.

हे एकदाच घडलं असतं तर मी त्यावर इतका जोर दिला नसता. पण राजांच्या या ग्रंथात अलीशाच्या काळात ते पुन्हा पुन्हा घडतं. अध्याय ३ मध्ये तीन राजे सैन्यासह पाण्यावाचून अडकतात. त्यांतला यहूदाचा राजा यहोशाफाट विचारतो, इथे परमेश्वराचा कोणी संदेष्टा नाही काय? उत्तर देतो तो इस्राएलच्या राजाचा एक सेवक: शाफाटाचा मुलगा अलीशा इथे आहे, एलीयाच्या (म्हणजे आपल्या गुरूच्या) हातांवर पाणी घालणारा. अलीशाची ही ओळखही लक्षात ठेवण्याजोगी आहे. त्याच्या चमत्कारांवरून त्याला कोणी ओळखून दिलं नाही, हातांवर पाणी घालण्याच्या कामावरून दिलं. अध्याय ६ मध्ये अरामाच्या राजाला आपली गुपितं कोण फोडतं ते कळत नाही, तेव्हा त्याचाच एक सेवक अलीशाचं नाव सांगतो. अध्याय ७ मध्ये शोमरोनाला पडलेला अरामी वेढा उठल्याची बातमी शहराला मिळते ती वेशीबाहेर बसलेल्या चार कोड्यांकडून. राजाला ती खरीच वाटत नाही, तेव्हा माणसं पाठवून पाहू या असं सुचवणाराही एक सेवकच असतो.

देव लहानांना "वापरतो" असं आपण म्हणतो, तेव्हा आपल्या मनात बहुधा एखादा अपवाद असतो: सहसा देव मोठ्यांकडून काम करून घेतो, कधीमधी एखाद्या लहानाला संधी देतो. या अध्यायांत उलटं आहे. इथे खरी माहिती नेहमी खालच्याच माणसांकडे असते. राजांना ती त्यांच्याकडून मागून घ्यावी लागते, किंवा ते ती चुकवतात.

दारात

अलीशाला कळतं. तो निरोप पाठवतो, त्याला माझ्याकडे येऊ दे, म्हणजे इस्राएलात संदेष्टा आहे हे त्याला समजेल. मुलीचा हरवलेला शब्द अलीशा परत जागेवर आणतो.

नामान घोडे आणि रथ घेऊन दाराशी उभा राहतो. अलीशा बाहेर येत नाही. एक माणूस पाठवून सांगतो: यार्देनेत सात वेळा स्नान कर. नामान संतापतो. त्याचं बोलणं फार प्रामाणिक आहे. मला वाटलं होतं, तो बाहेर येईल, उभा राहील, आपल्या देवाचं नाव घेईल, जागेवर हात फिरवेल. आणि दिमिष्काच्या अबाना आणि परपर नद्या इस्राएलच्या सगळ्या पाण्यांपेक्षा चांगल्या नाहीत काय? (अबाना म्हणजे आजची बरादा, असं मानलं जातं.) त्याला बरं व्हायचं होतं, पण आपल्या दर्जाला साजेशा रीतीने. शोमरोनाहून यार्देनेपर्यंत तीस-पस्तीस किलोमीटरचा उतार आहे. तो उतरून, कपडे काढून, आपलं कोड सगळ्या नोकरांसमोर उघडं करून पाण्यात उतरायचं. सेनापतीला ते जड गेलं यात नवल नाही.

इथे दुसऱ्यांदा खालची माणसं त्याला वाचवतात. त्याचे सेवक जवळ येतात आणि त्याला "बापा" म्हणतात. संदेष्ट्याने एखादं मोठं काम सांगितलं असतं तर तुम्ही केलं नसतं का? मग नुसतं स्नान करून शुद्ध व्हा म्हटलं तर का नाही? ही नावं नसलेली माणसं. त्यांचा धनी रागाने फणफणत पाठ फिरवून निघाला आहे. अशा वेळी जवळ जाणं धोक्याचं असतं, हे हाताखाली काम केलेल्या कोणालाही सांगावं लागत नाही. तरी ते गेले, आणि मायेने बोलले.

मुलीच्या वाक्याने प्रवास सुरू झाला होता. या सेवकांनी तो मोडता मोडता सावरला. अलीशाचं स्थान मी कमी करत नाही. पण या दोन टोकांच्या बिननावाच्या माणसांना काढून टाकलं तर अलीशाकडे कोणी आलंच नसतं, आणि आलेला माणूस आला तसाच परत गेला असता.

मग चौदावं वचन. तो खाली उतरला, सात वेळा बुडी मारली, आणि त्याचं शरीर "लहान मुलासारखं" झालं. हिब्रूत दुसऱ्या वचनातल्या "लहान मुलगी" या शब्दांचंच हे पुल्लिंगी रूप आहे. मोठा माणूस बरा झाला तेव्हा तो त्या मुलीसारखा झाला. लेखकाने हे जाणूनबुजून केलं आहे असं मी मानतो. त्याशिवाय पुढचं जुळत नाही: पंधराव्या ते अठराव्या वचनात नामान अलीशासमोर उभा राहून स्वतःला पाच वेळा "तुझा सेवक" म्हणतो. जो घरी दासी ठेवणारा होता, तो आता स्वतःसाठी तोच शब्द वापरतो.

गेहजीची बाजू

लहान माणसांच्या बाजूने बोलताना एक घसरण होते. "लहान" असणं हाच सद्गुण आहे असं आपण बोलायला लागतो. हा अध्याय तसं बोलू देत नाही, कारण गेहजीही सेवकच आहे.

अलीशाने नजराणा नाकारला होता. गेहजीला ते पटलं नाही. तो नामानाच्या मागे धावला, धन्याच्या नावाने खोटं बोलला, एक किक्कार रुपं आणि दोन पोशाख मागितले. नामानाने आग्रह करून दोन किक्कार दिले. दोन किक्कार म्हणजे अम्रीने शोमरोनच्या टेकडीला दिलेली नेमकी तीच किंमत. ती चांदी दोन नोकरांकडून उचलून आणावी लागली, इतकी जड होती.

परत आल्यावर अलीशा त्याला विचारतो: ही काय पैसा घेण्याची वेळ आहे? वस्त्रं, जैतुनाचे मळे, द्राक्षमळे, शेरडंमेंढरं, गुरं, दास आणि दासी घेण्याची वेळ आहे काय? ही यादी मी वर्षानुवर्षं भरभर वाचून पुढे जात होतो. तिच्या शेवटी दासी आहेत. ज्या घरातल्या एका दासीमुळे हे सगळं घडलं, त्याच घरच्या पैशातून गेहजी दासी विकत घेणारा माणूस होऊ बघत होता. अलीशाच्या रागाचं कारण इथे मला पहिल्यांदा नीट कळलं.

गेहजी अलीशाच्या समोरून कोडी होऊन बाहेर पडला. जो सर्वांत जवळ होता, ज्याला शूनेम गावच्या बाईचा मेलेला मुलगा अलीशाने जिवंत केल्याचं माहीत होतं, त्याला देवाच्या कृपेची किंमत पैशात मोजावीशी वाटली. मुलीने काहीच बघितलेलं नव्हतं, आणि तिने काहीच मागितलं नाही. दोघंही सेवक. म्हणून "मी साधा माणूस आहे" एवढं म्हटल्याने कोणी सुरक्षित होत नाही. मंडळीत लहान जागेवर राहूनही हिशेब मोठ्या जागेचा मांडता येतो, आणि हे मी माझ्या मनाबद्दलही म्हणतो आहे.

हा अध्याय कुठे चुकीचा वापरला जातो

हे प्रकरण कधीकधी असं सांगितलं जातं की ऐकणाऱ्या दबलेल्या माणसाने मान खाली घालून परत जावं. बघा, ती मुलगी कशी तक्रार न करता सेवा करत होती, तुम्हीही जिथे आहात तिथे गप्प राहा. असं सांगणाऱ्याला मी थांबवतो, कारण अध्यायात ती गप्प राहिलेली नाही. ती बोलली. न विचारता, आपल्या पायरीच्या पलीकडचं बोलली.

आणि तिच्यावर जे गुदरलं ते चांगलं होतं असं शास्त्र कुठेही म्हणत नाही. माणसाला चोरून नेऊन विकणाऱ्याला किंवा ठेवून घेणाऱ्याला निर्गम २१:१६ मध्ये मरणाची शिक्षा सांगितली आहे. अनुवाद २४:७ मध्येही तेच आहे. धाड घालणाऱ्या टोळीने जे केलं ते देवाच्या दृष्टीने गुन्हाच होता. देवाने त्यातूनही काम केलं, म्हणून ते बरोबर ठरत नाही. ज्या भगिनीवर किंवा भावावर अन्याय झाला आहे, त्याला "देवाची काहीतरी योजना असेल" असं सांगून मोकळं होणं सोपं असतं. मला ते पाप वाटतं. आधी अन्यायाला अन्याय म्हणायचं. मग, त्या माणसाला स्वतःला वाटलं तर, त्या मुलीकडे बोट दाखवायचं: सगळं हिरावून घेतलेल्या जागेवरही देवाने हिचा आवाज ऐकू येण्याजोगा ठेवला.

दुसरा चुकीचा वापर जरा गोड आहे. "लहान कामं करा, एक दिवस देव तुम्हाला मोठं करेल." या अध्यायात ती मुलगी मोठी होत नाही. तिला कोणी बक्षीस देत नाही, तिची बढती होत नाही, तिची सुटका झाल्याचंही लिहिलेलं नाही. लहानपण ही जर केवळ मोठेपणाची पहिली पायरी असेल, तर मोठे झाले नाहीत त्यांचं काय? ज्यांनी आयुष्यभर आजाऱ्यांची अंथरुणं बदलली, मुलांना प्रार्थना शिकवली, उपासनेआधी चटया घातल्या आणि नंतर गुंडाळल्या, त्यांना देवाने अजून वापरलेलंच नाही असं म्हणायचं का? पौल करिंथकरांना लिहितो तेव्हा (१ करिंथ १:२६-२९) देवाने जगातल्या दुर्बळांना, हलक्या मानलेल्यांना निवडलं असं म्हणतो. त्यांना पुढे बलवान करून मग निवडलं असं तो म्हणत नाही.

एका वाक्याची पोच

अध्याय ५ संपला तरी प्रकरण तिथे संपत नाही, हे मला उशिरा कळलं.

दुसऱ्या वचनात मुलीला पळवणाऱ्या "टोळ्या" आहेत. पुढच्याच अध्यायात अरामी सैन्य अलीशाला पकडायला येतं, आंधळं होऊन शोमरोनात पोचतं, आणि राजा विचारतो, यांना मारू का? अलीशा म्हणतो, यांना खायला-प्यायला दे आणि त्यांच्या धन्याकडे पाठव. मोठी मेजवानी होते. मग ६:२३ च्या शेवटी येतं: अरामाच्या टोळ्या इस्राएल देशात पुन्हा आल्या नाहीत. हिब्रूत टोळ्यांसाठी तोच शब्द.

हे मी फार ताणत नाही. लगेच पुढच्या वचनात अरामाचा राजा बेनहदाद सगळं सैन्य घेऊन शोमरोनाला वेढा घालतो, म्हणजे शांती टिकली असं नाही. ही मेजवानी त्या मुलीमुळे झाली असंही शास्त्र म्हणत नाही. पण शत्रूचं भलं व्हावं असं आधी ती बोलली, आणि शत्रूला जेवू घालून परत पाठवा असं मग संदेष्टा बोलला. एकाच गोष्टीचे हे दोन आवाज एकापाठोपाठ ठेवलेले आहेत, आणि त्यांतला पहिला तिचा आहे.

नासरेथला येशूने नामानाचं नाव घेतलं तेव्हा सभास्थानातले लोक संतापले आणि त्याला गावाबाहेर कड्याच्या टोकाशी घेऊन गेले. देवाची कृपा सीमेपलीकडच्या परक्याकडे जाते हे त्यांना सहन झालं नाही. ती मुलगी त्या परक्याच्याच घरात होती, आणि ती कृपा त्याच्यापर्यंत जावी असं तिला वाटलं होतं. शेकडो वर्षांनी येशू जे सांगत होता, ते तिने आधीच, एका खोलीत, आपल्या मालकिणीला सांगून ठेवलं होतं.

ताईंचा प्रश्न

पुढच्या बैठकीला मी ताईंच्या प्रश्नावर परत आलो. मी म्हणालो, शास्त्रात लिहिलेलं नाही. नामान घरी पोचला, मुलीला बोलावलं, असं कुठेच नाही. पण अठराव्या वचनात तो अलीशाकडे एक क्षमा मागतो: आपला राजा रिम्मोनाच्या मंदिरात आपल्या हाताचा आधार घेऊन नमतो, तेव्हा आपल्यालाही तिथे वाकावं लागेल, त्याबद्दल परमेश्वराने क्षमा करावी. म्हणजे तो परत जाऊन आपल्या जुन्या जागी उभा राहणार आहे हे नक्की. सोबत दोन खेचरांच्या ओझ्याएवढी माती मागून घेतो, परमेश्वराची उपासना त्या मातीवर करायची म्हणून. ती मातीही त्याच घरी जाणार. इस्राएलची माती, जिथून त्या मुलीला उचलून आणलं होतं.

ताई काही वेळ पुस्तकाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे सांगायला नको. घरातच होती ती. कपडे काढून ठेवताना नाहीतर पाणी देताना हात दिसलाच असेल."

चौदावं वचन आम्ही पुन्हा एकदा मोठ्याने वाचलं, ते त्यांनीच वाचलं, आणि "लहान मुलासारखं" या शब्दांवर त्या जरा थांबल्या.